न प्यालेला शिमगा

शिमगा जवळ आला की आमच्या मुळशीच्या ओढ्यांना वास सुटायचा. पाणी आटत आलेलं असायचं, डबक्यांवर हिरवी साय धरलेली असायची, आणि त्याच डबक्यांच्या काठाला करंजाच्या सावलीत कुजलेल्या गुळाची पिंपं पुरलेली असायची. वरून शेण आणि पालापाचोळा. आत सडका गूळ, नवसागर, कसली तरी साल, आणि आपणहून जे काही पडलं असेल ते. एकदा भट्टीवाल्यानं पिंपातून फुगलेली घूस शेपटीला धरून बाहेर काढली, झुडपात भिरकावली आणि त्याच हातानं आतलं रसायन ढवळलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्या संध्याकाळी त्याच भट्टीची मी प्यालो. घूस पाहून प्यालो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कुणाला नावं ठेवायला लागलो की वाचणाऱ्यानं मलाही त्यांच्यातच धरावं.

गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची. राज्यात दारूबंदी होती. कागदावर होती आणि शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेली होती. गावात मात्र सायकलच्या ट्यूबमध्ये भरून ती घरपोच यायची, आणि रबराचा वास तिला कायमचा लागलेला असायचा. त्यातही शिमगा ते जत्रा हा महिना-सव्वा महिना म्हणजे तिचा हंगाम. भात कधीच घरात आलेलं, रानात काम नाही, उन्हं तापलेली. होळी झाली की धुळवड, मग रंगपंचमी, मग एकेका गावची जत्रा. आज या गावचा बोकड, उद्या त्या गावचा. या दिवसांत जो पीत नाही तो एकतर आजारी किंवा शिष्ट, असं ठरलेलं होतं.

मी पौडला देवी टोचणारा होतो. देवीची साथ तेव्हा खरीखुरी होती, तोंडावर व्रण असलेली माणसं प्रत्येक गावात होती. खांद्याला पिशवी अडकवून मी वाड्यावस्त्या हिंडायचो. पिशवीत लशीच्या बारीक काचनळ्या, टोचायची फिरकी, साबण, कापूस, स्पिरिटचा छोटा दिवा आणि त्यात घालायच्या स्पिरिटची बाटली. प्रत्येक पोराला टोचण्याआधी फिरकी दिव्याच्या ज्योतीवर धरायची, निवू द्यायची, मग दंडावर लशीचा थेंब ठेवून टोचायचं. शिकवताना आम्हाला हे इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही हात तसाच चालावा. लोक मला डॉक्टर म्हणत. मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

वस्तीवर दिवसभर टोचून झालं की कुणीतरी पेला पुढं करायचं. "घ्या डाक्टर, दमलाव." सुरुवातीला मानासाठी घेतली, मग दमणुकीसाठी, मग सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून. सात वर्षांत मी इथवर आलो. शेवटी शेवटी मी दिव्याचं स्पिरिटसुद्धा प्यालो. त्यात मुद्दाम विष मिसळलेलं असतं, ते मला माहीत होतं. कापडातून गाळलं, लिंबू पिळलं, नाक धरलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळ्यांपुढं राखाडी पडदा होता. पडदा विरला आणि मला हायसं वाटलं. आता पुन्हा पिता येईल, म्हणून हायसं वाटलं.

तशाच एका शिमग्यात धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी डोंगरावरच्या धनगरवाड्यावर गेलो. दिवा काढला तर कोरडा. बाटली रिकामी. ती कशानं रिकामी झाली ते मलाच माहीत होतं. परत जाऊन स्पिरिट आणायचं तर पूर्ण दिवस मोडणार, आणि डोकं असं ठणकत होतं की मला लवकर खाली उतरून उतारा घ्यायचा होता. पहिल्याच पोरीला टोचताना फिरकी हातातून निसटून खाली पडली, लेंड्यांत. मी ती उचलली, धोतराला पुसली आणि टोचलं. दीड वर्षाची मुलगी होती. आई तिला घट्ट धरून माझ्याकडं विश्वासानं बघत होती.

बाराव्या दिवशी ती बाई पोरीला काखेत घेऊन डोंगर उतरून पौडला आली. बरोबर तिची सासू. मी ओट्यावर बसलो होतो. बाईनं पोरीच्या दंडावरचं फडकं सोडलं. दंड मांडीएवढा झाला होता, जखमेतून हिरवट पू येत होता, आणि त्याच्यावर माश्या. वास आला. मी तोंड फिरवलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की वास दोन आहेत. एक दंडाचा, दुसरा माझ्या तोंडाचा. दोन्ही सारखेच.

"दूध पीत न्हाई," बाई म्हणाली. "तुमच्या हातनं झालंय, तुमीच बगा."

सासू हात जोडून म्हणाली, "देवीचा कोप हाय डाक्टर. आमचंच काय तरी चुकलं आसंल."

मी म्हणालो, "असेल."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो, पण त्या एका शब्दाची मला जितकी किळस आहे तितकी कशाचीच नाही. देवीच्या माथी मारलं आणि मोकळा झालो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दंड चिरला, पू काढला, इंजेक्शनं दिली. पोर वाचली. दंडावर बोट बुडेल असा खड्डा राहिला. मला कुणी काही विचारलं नाही.

लोकांना वाटेल की त्या दिवशी मी सोडली. नाही. त्या संध्याकाळी मी रोजच्यापेक्षा जास्त प्यालो.

सोडली ती तीन दिवसांनी. माझ्या बायकोला दवाखान्यातल्या झाडूवालीकडून पोरीचं कळलं होतं. तिनं ताट वाढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "दिव्यातलं इस्पिरिट कुटं ग्येलं व्हतं?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"मी इचारतीया."

मी सांगितलं. तिनं ओरडावं, रडावं, अशी मी वाट पाहत होतो, कारण त्यानंतर मला चिडून बाहेर जाता आलं असतं. ती रडली नाही. तिनं ताट उचललं, चुलीपाशी नेऊन झाकून ठेवलं, आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "माज्या भावाच्या पोराला पण तुमीच टोचलंय. मला आता तुमच्या हाताकडं बगून ओकारी येती."

हात माझाच होता, आणि मलाही येत होती.

पहिले आठ दिवस काय झालं ते सविस्तर सांगत नाही. घामानं गोधडी भिजायची आणि तिला भट्टीचा वास यायचा, जणू सात वर्षांची सगळी दारू कातडीतून गळत होती. भिंतीवर मुंग्या दिसायच्या, ज्या नव्हत्या. बायको तांदळाची पेज मीठ घालून पाजायची, ओकली की पुन्हा पाजायची. तिच्या चेहऱ्यावर माया नव्हती. आजारी बैलाला पाजावं तसं पाजत होती. मला वाटतं त्यानंच मी वाचलो. माया केली असती तर मी त्या मायेचा फायदा घेतला असता.

मग हळूहळू तिनं एक गोष्ट ओळखली, जी मला सात वर्षांत कळली नव्हती. "तुमी भुकेच्या टायमाला पिता," ती म्हणाली. खरंच होतं. दुपारी तीननंतर वस्तीवर पोट रिकामं झालं की जीभ कोरडी पडायची, आणि मी भुकेला तहान समजायचो. तिनं पिशवीत भाकरी बांधून द्यायला सुरुवात केली, वर कांदा, आणि एका किटलीत नाचणीची आंबील. तीन वाजले की झाडाखाली बसून खायचंच, भूक असो नसो. दिवेलागणीला घरी परत. आल्यावर नदीवर आंघोळ, मग जेवण, मग झोप. वस्तीवर मुक्काम बंद. स्पिरिटची बाटली ती तिच्या ट्रंकेत कुलपात ठेवायची आणि सकाळी दिव्यात मोजून घालून द्यायची. पस्तिशीच्या सरकारी नोकराला बायको दिवा भरून देते याची मला लाज वाटायची. पण दिवा रोज पेटत होता.

असा पावसाळा गेला, दिवाळी गेली. गटारीच्या अमावस्येला मी ताप आल्याचं सोंग केलं. दसऱ्याला कामाचं निमित्त सांगितलं. माघात मी त्या धनगरवाड्यावर गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. शिमगा तोंडावर आला होता आणि तो "असेल" माझ्या घशात अडकला होता.

बाई वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरांना पाला टाकत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं, "देवीचा कोप नव्हता. मी प्यालो होतो. सुई घाणेरडी होती."

तिनं हातातला पाला खाली ठेवला. मग ती माझ्या पायांपुढं थुंकली. अंगावर नाही, पायांपुढं. म्हणाली, "माज्या सासूनं त्यापायी वरीसभर उपास धरलं. जावा हितनं."

मी गेलो. क्षमा मिळाल्याच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. मला मिळाली नाही, आणि मिळावी असं माझं काही नव्हतं. पण डोंगर उतरताना पहिल्यांदा असं वाटलं की माझ्याविषयी मला जे वाटतं तेच आणखी एका माणसाला वाटतं, आणि ते खरं आहे. त्यात एक प्रकारची स्वच्छता होती.

शिमगा आला. होळीच्या दिवशी बायकोनं सकाळीच सांगितलं, "नारळ टाकायचा, पाया पडायचं, आन् म्हागारी फिरायचं. हुबं ऱ्हायचं न्हाई." मी तसंच केलं. बोंबा सुरू झाल्या होत्या. आयाबहिणींच्या नावानं जे काही चाललं होतं त्यात मागच्या वर्षी माझा आवाज सगळ्यांत वर होता. शुद्धीवर राहून मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. ज्यांच्या घरी बायका दारामागं उभ्या होत्या तीच माणसं लाळ गाळत नाचत होती. एकानं आगीपाशीच धोतरात मुतलं आणि बाकीचे हसले. मीही असाच दिसत असणार. नाही, असाच दिसत होतो. बायकोनं नंतर सांगितलं.

धुळवडीला सकाळी माझा जुना सोबती आला. हा आमच्या आळीतला शिंपी. सात वर्षं आम्ही एका पेल्यातून प्यालो होतो. डोळे तांबारलेले, ओठांच्या कडांना पांढरं साचलेलं. हातात पितळी तांब्या.

"आज तरी नको म्हणू नगंस गड्या," तो म्हणाला. "देवाचं तीर्थ हाय."

"नको."

"बायकूनं सोडाया लावली व्हय?"

"होय," मी म्हणालो. हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. पुरुषानं असं कबूल करायचं नसतं. तो मोठ्यानं हसला, मग माझ्या मानेला हात घालून तांब्या माझ्या ओठांशी आणला. दारू माझ्या हनुवटीवरून छातीवर ओघळली. मी त्याला ढकललं. तो अंगणात बसकण मारून पडला, पण तांब्या आडवा होऊ दिला नाही. एका हातानं जमिनीला टेकून दुसऱ्या हातानं तो तांब्या त्यानं देवासारखा उंच धरला होता. ढोपर फुटलं होतं, त्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. मला त्याची इतकी शिसारी आली की मी आत जाऊन दार लावलं. मग सदरा काढला. सदऱ्याचा वास घेतला. हो, घेतला. दोनदा घेतला. बायकोनं सदरा माझ्या हातातून ओढून घेतला आणि घंगाळात बुडवला.

खरी पाळी आली ती चैत्रात, माझ्या सासुरवाडीच्या जत्रेला. गाव मुळशीच्या अंगाला, पौडहून चालत तीन-चार तासांवर. जावई म्हणून मला जाणं भागच होतं. पहिला दिवस पुरणपोळीचा, पालखीचा. तो नीट गेला. दुसरा दिवस बोकडाचा. दुपारी मांडवात पंगत बसली. पत्रावळी, भाकरीच्या चवडी, घमेल्यातून वाढायचा रस्सा. भावकीतली पन्नासेक माणसं असतील. मांडवाच्या मागं ट्यूब उघडलेली, आणि माणसं लघवीला उठल्यासारखी उठून एकेक पेला टाकून येत होती. मांडवात रश्शाचा, घामाचा आणि त्या ट्यूबचा वास एकमेकांत कालवला गेला होता.

माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, हा गावातला वजनदार माणूस. त्यानं मला आदल्या दिवशीपासून तीनदा विचारलं होतं आणि मी तीनदा नाही म्हटलं होतं. चौथ्यांदा तो पेला घेऊनच आला. चांदीचा पेला, लग्नात दिलेला.

"दाजी, नगं तर नगं. हे पन्हं घ्या. ऊन लई हाय."

कैरीचे दिवस होते. पेल्यात वर केशराची काडी तरंगत होती. माझ्या आजूबाजूची माणसं जेवायची थांबली आहेत हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. मी मोठा घोट घेतला.

आधी गूळ, मग वेलदोडा, आणि मग त्यांच्या खालून ती.

इथं मला खरं सांगायचं आहे. मी तो घोट थुंकला नाही. मी तो गिळला. तोंडाला कळलं, तरी घशानं गिळला. आणि तो खाली उतरताना माझं सगळं अंग, बोटांच्या टोकांपासून, मालक घरी आल्यावर कुत्रं उठतं तसं उठून उभं राहिलं. वर्षभर मी जे मेलं असं समजत होतो ते कान टवकारून शेपूट हलवत होतं. पेला अजून माझ्या हातात होता, अर्ध्याहून जास्त भरलेला. आणि समोर पन्नास माणसं तोंडं उघडी टाकून बघत होती. कुणाच्या दाढीला रस्सा लागलेला, कुणाच्या दातात मटण. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तोच आनंद. आला, आपल्यात आला.

"कसं हाय पन्हं?" मेहुण्यानं विचारलं, आणि मांडव हसला.

मी पेला उपडा केला. मग दोन बोटं घशात घातली.

ओकारी माझ्या पत्रावळीवर पडली, शेजारच्या पत्रावळीवर पडली, थोडी मेहुण्याच्या नव्या धोतरावर उडाली. मी पुन्हा बोटं घातली. रस्सा, भाकरी, पन्हं, सगळं बाहेर आलं. शेवटी नुसतं कडू पाणी आलं तरी मी थांबलो नाही. पंगत उठली. माणसं धोतरं सावरत मागं सरली. जी माणसं मांडवाच्या मागं एकमेकांच्या अंगावर ओकत होती, त्यांना आता घाण वाटत होती.

सासरे काठी टेकत पुढं आले. "जावईबापू, देवाच्या पंगतीत वकलाव? आमच्या दारात? काय इज्जत ठिवली आमची?"

माझ्या नाकातोंडातून गळत होतं. बायकांच्या पंगतीकडून माझी बायको आली. हात खरकटे होते तसेच. तिनं जमिनीवरचा चांदीचा पेला उचलला, नाकाशी धरला आणि भावाकडं बघितलं.

"दादा, हे तू दिलंस?"

"अगं, मस्करी केली. सणासुदीची येवढी—"

"तुला सांगितलं व्हतं मी. काल सांगितलं. परवा सांगावा धाडला व्हता. माजा नवरा पीत न्हाई, तेला इचारू नगंस, म्हनून."

"येका घोटानं काय मरतुया काय त्यो?"

"व्हय," ती म्हणाली. "येकाच घोटानं मरतुया. तुला ठावं व्हतं, म्हनून तर तू पन्हं म्हनलास."

सासरे मध्ये पडले. "पोरी, चार लोकांत भावाला बोलतीस?"

"चार लोकांत त्येनं माज्या नवऱ्याला पाजली, तवा तुमी कुटं व्हता आबा?"

तिनं पेला आपल्या बापाच्या हातात दिला. रागानं आपटला नाही, नीट हातात दिला. मग पदरानं माझं तोंड पुसलं, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणाली, "उटा. घरी जाऊ."

कुणी अडवलं नाही. तिच्या आईनं मागून दोनदा हाक मारली, बायको वळली नाही. चैत्राचं ऊन डोक्यावर होतं. दोन कोस आम्ही चालत राहिलो. मग एका आंब्याखाली बसलो. तिथं तिनं पहिल्यांदा रडून घेतलं. माझ्यासाठी नाही, तिच्या आईसाठी. तिला ठाऊक होतं की हे माहेर आता काही वर्षं बंद.

मी म्हणालो, "थोडी पोटात गेली असणार."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "किती वाटतीया?"

प्यावीशी किती वाटते, असं ती विचारत होती. खोटं बोलायचा थकवा आला होता. म्हणालो, "लई. आत्ता कुणी दिली तर इथंच पीन."

तिनं इकडंतिकडं बघितलं. चहूकडं तापलेलं माळरान. "हितं कुनी देत न्हाई," ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता हसली. त्या पूर्ण महिन्यात मी तिला एकदाच हसताना पाहिलं, ते तेव्हा.

पुढचे तीन दिवस अंगातलं ते कुत्रं भुंकत राहिलं. चौथ्या दिवशी मला लांबच्या फिरतीवर जायचं होतं, पिशवीत स्पिरिटची पूर्ण बाटली घेऊन. मी सांगितलं की माझा माझ्यावर भरवसा नाही. बायकोनं घराला कडी लावली आणि बाटली स्वतःच्या कमरेला बांधून माझ्याबरोबर निघाली. नऊ दिवस ती माझ्याबरोबर वाड्यावस्त्यांवर हिंडली. पोरांना मांडीवर धरायची, आयांशी बोलायची, दिव्यात स्पिरिट घालायची, फिरकी ज्योतीवर धरली की नाही ते बघायची. ज्या बायका मला बघून पोरं कणगीमागं लपवत, त्या तिला बघून दारात यायच्या. त्या नऊ दिवसांत मी जितकी पोरं टोचली तितकी आधीच्या पूर्ण महिन्यात टोचली नव्हती. वरिष्ठांनी शाबासकी दिली. मी ती घेतली, तिचं नाव सांगितलं नाही. ही माझी आणखी एक घाण, न पिता केलेली.

पुढं मी प्यालो नाही. यात माझा पराक्रम फार थोडा आहे. पुढचे सगळे शिमगे मला त्याच कंटाळवाण्या पद्धतीनं काढावे लागले: वेळेवर जेवण, नदी, झोप, पंगतीत कुणाच्या हातचं पेय न घेणं. लोकांनी मला शिष्ट ठरवलं, मग बायकोच्या ताटाखालचं मांजर ठरवलं, मग विसरले. सासरच्या जत्रेला आम्ही सहा वर्षं गेलो नाही. सासूबाई मधल्या काळात वारल्या, तेव्हा बायको एकटी जाऊन आली. तिथं भावाशी काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण त्या मांडवातली गोष्ट पंचक्रोशीत पसरली होती. पुढच्या वर्षी धुळवडीच्या सकाळी आमच्या दारात खालच्या गावचा एक लोहार उभा राहिला. माझी त्याची तोंडओळखही नव्हती. चाळिशीचा, दणकट माणूस, पण हात असे थरथरत होते की त्यानं ते काखेत दाबून धरले होते.

"आजचा दीस तुमच्यात बसू का?" त्यानं विचारलं. "समद्यांनी पाजायचा कट क्येलाय."

मला खरं तर त्याचा रागच आला. त्याच्या अंगाला तोच वास होता, डोळ्यांत तीच गयावया. माझंच मागचं रूप दारात आलं होतं आणि मला ते घरात घ्यायचं नव्हतं. मी दारातून बाजूला झालो नाही. बायकोनं मागून विचारलं, "कोन हाय?" आणि उत्तराची वाट न बघता वाडग्यात आंबील ओतून आणली.

तो दुपारपर्यंत बसला. बाहेर हलगी वाजत होती. तिचा ठेका वाढला की त्याचं ढोपर हलायला लागायचं. दोन वाडगी आंबील प्याला, भाकरी खाल्ली. तीनच्या सुमाराला "जरा लघवीला जाऊन येतो" म्हणून उठला, तो आला नाही. संध्याकाळी गटारापाशी पडलेला मी त्याला पाहिला. माश्या होत्या. मला दया आली नाही. किळस आली, आणि मी त्याला तसाच टाकून घरी आलो.

रंगपंचमीला तो पुन्हा दारात उभा होता. मान खाली. मी त्याच्याकडं बघितलं आणि या वेळी दारातून बाजूला झालो.

"बसा," मी म्हणालो. "पण तीन वाजता उठायचं नाही. त्या वेळेला आपण जेवतो."

त्या दिवशी तो पाच वाजेपर्यंत बसला.